संगणक भंगार झाला हे कोणी ठरवायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. त्या दिवशी कोणाचा संगणक जळाला नाही की कोणाची हार्डडिस्क फुटली नाही. आदल्या संध्याकाळी चालणारे यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळीही तसेच चालत होते. तरीही जगभरातील कोट्यवधी यंत्रे एका तारखेने ‘जुनी’ ठरली. विंडोज ११ टाकावी म्हटले तर तिच्या अटी अशा की इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर बहुतेक नापास. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप पाहिजे. म्हणजे २०१६ साली घेतलेला, आठ जीबी मेमरीचा, आजही खणखणीत चालणारा संगणक अपात्र! घरगुती ग्राहकांना वाढीव मुदत दिली ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ‘अपात्र’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. योग्यता अंगात असताना दुसऱ्याने केलेल्या नियमामुळे बाहेर बसावे लागणे म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या तारखेनंतर कार्यालये, दवाखाने, कोचिंग क्लासेस यांनी जुने संगणक काढायला सुरुवात केली. काही भंगारात गेले. काही ‘सामाजिक कार्य’ म्हणून वस्त्यांतील वाचनालयांना आणि अभ्यासिकांना देऊ केले गेले. आमच्या अभ्यासिकेकडेही एका कार्यालयाकडून असा निरोप आला. समितीची बैठक बसली आणि पहिलाच आक्षेप एका ज्येष्ठ सदस्याने घेतला. ते म्हणाले, “उतरलेले कपडे आपल्या आजोबांनी घातले. आता उतरलेले संगणक नातवंडांना द्यायचे काय?”

प्रश्न रास्त होता. तो बाजूला सारून तंत्रज्ञानाच्या गप्पा मारणे आम्हाला पटले नाही. आम्ही समितीपुढे एवढेच मांडले की दान घेऊ नये. भंगारवाला जो भाव देईल तो भाव अभ्यासिका देईल, रीतसर पावती घेईल, चांगली यंत्रे निवडून घेईल, आणि हार-तुऱ्याचा फोटो कोणी काढणार नाही. हे मान्य झाले. परंतु प्रश्नाचा दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा होता. ते यंत्र घेतल्यावर त्यावर चालवायचे काय? वस्त्यांतील बहुतेक जुन्या संगणकांवर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने शे-दोनशे रुपयांत टाकून दिलेली चोरीची विंडोज असते. तिला दुरुस्ती मिळत नाही, पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो, चार महिन्यांनी संगणक रांगू लागतो, मग पुन्हा तोच दुकानदार आणि पुन्हा दोनशे रुपये.

वकील म्हणून येथे एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या अधिनियमात, संगणकाची आज्ञावली ही ‘साहित्यकृती’ मानलेली आहे. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६३-ब आले. उल्लंघन करून बनवलेली प्रत आहे हे माहीत असताना ती संगणकावर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी ती तरतूद आहे. नफ्यासाठी किंवा व्यापारात वापर नसेल तर न्यायालय कारावास न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. अभ्यासिकेवर कोणी धाड घालणार आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या खोलीत आपली मुले न्यायाधीश आणि अधिकारी होण्यासाठी बसतात, त्या खोलीतील प्रत्येक पडद्यामागे एक गुन्हा चालू असावा, हे आम्हाला खपत नाही. आणि त्याची काही गरजही नाही. कारण कायदेशीर, फुकट आणि दुरुस्तीसह मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम उपलब्ध आहेत. लिनक्स आणि बीएसडी ही त्यांची दोन घराणी. दोन्हींचे मूळ युनिक्स नावाच्या प्रणालीत आहे, आणि त्या युनिक्सचा इतिहास आमच्या ज्येष्ठ सदस्यांच्या आक्षेपाशी थेट भिडणारा आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्ज या संस्थेने मल्टिक्स नावाच्या एका मोठ्या आणि खर्चिक प्रकल्पातून अंग काढून घेतले. तेथील केन थॉम्पसन यांना काम पुढे न्यायचे होते, पण नवे मोठे यंत्र मिळेना. शेवटी त्यांनी संस्थेत फारसे कोणी न वापरणारा पीडीपी-७ नावाचा संगणक शोधून काढला आणि त्यावर युनिक्सचा पहिला अवतार लिहिला. डेनिस रिची त्यांच्या जोडीला होते. जगातील सर्व्हरांपासून खिशातल्या अँड्रॉइड फोनपर्यंत आज ज्या घराण्याचा वारसा चालतो, ते घराणे एका बाजूला पडलेल्या यंत्रावर जन्मले! १९७३ साली युनिक्स सी या भाषेत नव्याने लिहिली गेली, आणि त्यामुळे ती एका विशिष्ट यंत्राला बांधलेली राहिली नाही. जुन्या यंत्रावर नवी प्रणाली चालवण्याची जी सोय आज आहे, तिची पायाभरणी तेथे झाली.

पुढची कथा न्यायालयाची आहे आणि ती आम्हाला तांत्रिक कथेहून अधिक रंजक वाटते. बेल लॅब्जची मालक कंपनी होती एटी अँड टी. तिच्या टेलिफोनच्या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकन सरकारने १९४९ साली दावा लावला. १९५६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला, आणि त्यानुसार कंपनीला दळणवळण सोडून इतर धंद्यात उतरण्यास मनाई झाली. परिणामी युनिक्स बाजारात विकता येईना. ती मूळ संहितेसह, म्हणजे आतल्या संपूर्ण लिखाणासह, विद्यापीठांना अल्प शुल्कात दिली गेली. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी त्यात भर घालून आपली बीएसडी ही आवृत्ती तयार केली. म्हणजे एका मक्तेदाराच्या पायात कायद्याने बेडी घातली म्हणून ज्ञान मोकळे झाले. १९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन झाले, बेडी निघाली आणि लगेच युनिक्सचा व्यापार सुरू झाला. १९९२ मध्ये कंपनीच्या युनिक्स विभागाने बर्कलेच्या संहितेवरून खटला भरला. १९९४ मध्ये तडजोड झाली तेव्हा सुमारे १८,००० फायलींपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या आणि सत्तरेक फायलींवर कॉपीराइटची नोंद घालावी लागली. एवढ्यासाठी दोन वर्षे गेली. आमच्या कोर्टातल्या अशिलांना हे वाचून थोडा धीर येईल.

दरम्यान रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला होता, आणि १९८९ मध्ये त्याचा सर्वसामान्य परवाना, म्हणजे जीपीएल, आला. हा परवाना कायद्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी मुळातून वाचावा. कॉपीराइटचा कायदा नकल करणाऱ्याला अडवण्यासाठी केलेला. जीपीएलने तोच कायदा हाती घेऊन उलटी अट घातली. वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, पण पुढे वाटताना समोरच्याला हेच सर्व अधिकार द्यावे लागतील. ज्याला मिळाले त्याने दार लावून घ्यायचे नाही. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या ३८६ संगणकासाठी लिनक्स लिहायला घेतली आणि १९९२ मध्ये ती याच परवान्याखाली आणली. बीएसडीचा परवाना याहून सैल आहे. त्यातून घेऊन एखाद्या कंपनीने आपले दार बंद केले तरी चालते. दोन्ही बाजूंचे लोक यावर अनेक वर्षे भांडत आहेत. आमचा कौल जीपीएलला.

आता आमच्या अभ्यासिकेत काय झाले ते सांगतो. सहा यंत्रे निवडली, त्यातील दोन उघडताच बाद झाली. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून त्यांच्या टोप्या वर आल्या होत्या. २००० नंतरच्या काही वर्षांतील अनेक बोर्डांना हा रोग होता. एक निघाला पेंटियम फोर. उरलेली तीन कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरच्या पिढीतली. प्रथम साफसफाई केली. पंख्याखालच्या पट्ट्यांत धुळीची गादी बसली होती आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती. संगणक तापतो, म्हणून स्वतःची गती कमी करतो, आणि आपण म्हणतो ‘जुना झाला’! त्यानंतर मेमरी वाढवून चार जीबी केली आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी लहान एसएसडी बसवली. पैसा खर्च करायचाच असेल तर तो येथे करावा. दोन मिनिटे सुरू होत राहणारे यंत्र अर्ध्या मिनिटात उघडते ते मुख्यतः एसएसडीमुळे, लिनक्सच्या जादूमुळे नव्हे.

एका यंत्राने मात्र दोन दिवस घेतले. लिनक्स टाकली, इंटरनेट जोडले, पण शिष्यवृत्तीची वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडेना. बारावीतल्या एका मुलीने तारीख पाहिली तर ती २००९ ची! मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की घड्याळ मागे जाई. वेबसाइटच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही असे त्या बिचाऱ्या यंत्राला वाटत होते. दोन-चार चहांच्या पैशांत सेल आला आणि काम झाले.

कोणती प्रणाली टाकावी, हे सगळेच विचारतात. त्याआधी यंत्र ६४-बिट आहे की ३२-बिट ते पाहावे. कोअर टू ड्युओ २००६ सालचा असला तरी ६४-बिट आहे, हे अनेक दुकानदारांनाही ठाऊक नसते. अशा यंत्रावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारख्या हलक्या मांडणीची डेबियन व्यवस्थित चालते. आम्ही तीच टाकली. कार्यालयीन कामाला लिब्रेऑफिस आणि वेबसाइटसाठी फायरफॉक्स. ज्यांच्याकडे याहून अशक्त यंत्र आहे त्यांनी डेबियनवरच बेतलेली अँटिएक्स पाहावी. फक्त पेनड्राइव्हवरून चालणारी आणि हार्डडिस्कला हातही न लावणारी पपी लिनक्स २००३ पासून आहे. टाकण्यापूर्वी चालवून पाहायची असेल तर ती चांगली.

३२-बिट यंत्रांचे मात्र दिवस भरत आले आहेत. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२-बिट पीसीसाठी टाकण्याची प्रतच नाही. क्रोमने ३२-बिट लिनक्सला २०१६ मध्येच सोडले. फायरफॉक्सची १४४ ही त्यासाठीची शेवटची सर्वसाधारण आवृत्ती ठरली. म्हणजे मुक्त संहितावालेही जुन्याला सोडतात. ज्या ३८६ साठी लिनक्स जन्मली, त्या ३८६ ची सोय २०१३ च्या ३.८ आवृत्तीत लिनक्सनेच काढून टाकली! मग फरक काय राहिला? फरक असा की जुनी संहिता उघडी राहते आणि ज्याला गरज आहे तो ती सांभाळू शकतो. मार्च २०२४ मध्ये आलेली नेटबीएसडी १० ही ३२-बिट पीसीवर तर चालतेच, पण १९७७ साली बाजारात आलेल्या व्हॅक्स जातीच्या यंत्रांसाठीही ती तयार केली जाते. कोणी तरी हौसेने आणि निष्ठेने ते काम करीत आहे. विंडोज एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला संपली. त्यानंतर ती सांभाळायची कोणाची कितीही इच्छा असली तरी त्याला कायदेशीर वाटच नव्हती.

आम्ही येथे कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकू इच्छित नाही. जुन्या संगणकाचा खरा शत्रू ऑपरेटिंग सिस्टिम नसून आजच्या वेबसाइट आहेत. लिनक्स स्वतः पाचशे-सहाशे एमबीत बसते, पण सरकारी पोर्टलचे एक पान आणि शेजारी एक व्हिडिओ उघडला की दोन जीबीचे यंत्र धापा टाकते. चार जीबीच्या खाली विद्यार्थ्यांना बसवू नये असे आमचे मत झाले आहे. विजेचाही हिशेब करावा. पेंटियम फोरच्या काही जातींचा प्रोसेसर एकटाच ऐंशी ते सव्वाशे वॉटच्या घरात वीज ओढतो. तो दिवसभर चालवून वर्षाचे जे बिल येईल, त्यात जुन्या बाजारातला बरा संगणक घेण्याची सोय होऊ लागते. तेव्हा प्रत्येक यंत्र वाचवलेच पाहिजे हा हट्टही योग्य नव्हे.

छपाईचे दुखणे वेगळे. वकिलांच्या टेबलावर हमखास दिसणारा एका नामांकित कंपनीचा छोटा लेसर प्रिंटर लिनक्सशी बोलायला तयार होत नाही. आमच्या दोन मुलांनी एक अख्खा रविवार त्यात घातला. प्रिंटर घेण्यापूर्वी त्याचे नाव लिनक्सच्या यादीत पाहून घेणे बरे. मराठीचीही अडचण सांगितली पाहिजे. इनस्क्रिप्ट आणि युनिकोडची मराठी लिनक्समध्ये पहिल्या दिवसापासून मिळते, लोहितसारखे मुक्त फाँट आहेत. परंतु आपल्या संस्थांचे वीस-वीस वर्षांचे अहवाल आणि ठराव श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फाँटांत टाइप केलेले आहेत. ते नव्या यंत्रावर उघडले की अगम्य चिन्हांची रांग दिसते. हा दोष लिनक्सचा नाही. तो फाँट नसलेल्या विंडोजवरही हेच होईल. जुने दस्तऐवज युनिकोडमध्ये आणण्याचे काम संस्थांनी आता तरी हाती घ्यावे. आपलेच ठराव आपल्याला वाचता येऊ नयेत, यापेक्षा मोठे नुकसान कोणते?

“हे लिनक्स-बिनक्स हौशी लोकांचे, परीक्षेत आणि नोकरीत विंडोजच लागते,” असे काही पालक म्हणाले. त्यांना आम्ही आमच्याच कोर्टाचे उदाहरण दिले. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरच्या जिल्हा न्यायालयांसाठी मुक्त संहितेचे धोरण स्वीकारले गेले आणि न्यायाधीशांच्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स आली. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस प्रणाली पुण्याच्या एनआयसीने तयार केली. ज्या पडद्यावर तारीख पडते तो पडदा लिनक्सचा असू शकतो, तर अभ्यासिकेतला का नसावा? केरळात २००१ साली सुरू झालेल्या आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पाने सरकारी शाळांतील शिक्षण मुक्त प्रणालींवर नेले. तेथील कामगार-शेतकऱ्यांची मुले शाळेत लिनक्सवर संगणक शिकतात आणि त्यांना पुढे विंडोज वापरता आली नाही असे आम्ही ऐकलेले नाही. स्पेनमधील एक्स्त्रेमादुरा या गरीब प्रांताने २००२ मध्ये डेबियनवर आधारलेली आपली स्वतःची लिनक्स काढली. आमच्याकडे मात्र एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रापलीकडे संगणक म्हणजे काय हा विचारच झाला नाही. ‘फाइल’वर क्लिक करा, मग ‘सेव्ह’, एवढ्यावर एका पिढीची बोळवण झाली.

आणि जे यंत्र आम्ही फेकतो ते जाते कोठे? २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेत गेल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी बोर्ड फोडले जातात, तारा जाळून तांबे काढले जाते, आम्लात बुडवून सोने शोधले जाते. शिसे आणि धूर ज्यांच्या छातीत जातो ती माणसे कोणत्या थरातली, हे वाचकांनी ओळखावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याला स्वतंत्र स्थान दिलेले आहे, हे चांगलेच झाले. आमचे बाद झालेले दोन बोर्ड आम्ही नोंदणीकृत केंद्रात दिले. भंगारवाल्याने जास्त पैसे दिले असते, हेही खरे.

सध्या आमची चिंता यंत्रांची नाही, माणसांची आहे. वस्तीतल्या एका हुशार मुलाला सगळे येत होते. त्याला पुण्याला नोकरी लागली आणि तो गेला. ही आनंदाची गोष्ट. पण नंतरच्या आठवड्यात एक यंत्र अडले तेव्हा समितीतील कोणी तरी म्हणाले, “दुकानदाराला बोलवा, विंडोज टाकू.” सर्व केलेले एका क्षणात पाण्यात गेले असते. तेव्हापासून एक वही ठेवली आहे. कोणत्या यंत्रात काय बसवले, कोणती आज्ञा कधी दिली, काय बिघडले, कशाने सुटले, सर्व मराठीत आणि पेनाने. शनिवारी दोन मुली आणि एक मुलगा आळीपाळीने अपडेट चालवतात आणि खाली सही करतात. इतर अभ्यासिकांतील कार्यकर्त्यांनी ती वही येऊन पाहावी, नकलून न्यावी. तिच्यावर कोणताही परवाना नाही.

राहिला पेंटियम फोर. समितीत तो विकावा असे बहुमत आहे आणि विजेचा विचार करता ते बरोबरही आहे. आमचे म्हणणे एवढेच की तो मुलांना उघडायला, जोडायला आणि बिघडवायला ठेवावा. वहीत एका मुलीने त्याच्यासाठी लिहून ठेवले आहे की युनिक्स घराणे १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजते, आणि ३२-बिटचा मोजणी-आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी भरून वाहील. नेटबीएसडीने त्याची तजवीज २०१२ मध्येच करून ठेवली आहे. तिला ती त्या यंत्रावर टाकून, घड्याळ पुढे सरकवून, खरेच चालते का ते पाहायचे आहे. पुढच्या बैठकीत यावर मतदान आहे.